परवाना, सल्ला आणि अंकुश : जपानच्या अर्थ-व्यापार मंत्रालयाविषयी वाचकांचे प्रश्न

जपानच्या युद्धोत्तर आर्थिक उभारणीविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांत एकाच खात्याचा उल्लेख वारंवार आढळतो. ते खाते म्हणजे जपानचे अर्थव्यवस्था, व्यापार व उद्योग मंत्रालय. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकसारख्या प्रश्नांचे एकत्रीकरण केले आहे.

प्रश्न : देशाची तिजोरी अर्थ मंत्रालयाकडे असते आणि चलनाचा कारभार मध्यवर्ती बँकेकडे. मग जपानमध्ये अर्थव्यवस्था आणि व्यापार पाहणारे आणखी एक मंत्रालय कशासाठी आहे? त्याच्या हाती नेमके काय आहे? (वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी)

आपण केलेली विभागणी जपानलाही लागू पडते. अंदाजपत्रक, कर आणि सीमाशुल्क अर्थ मंत्रालयाकडे आहेत आणि व्याजदर बँक ऑफ जपान ठरवते. शेती आणि भात कृषी मंत्रालयाकडे, रेल्वे आणि जहाजे वाहतूक पाहणाऱ्या मंत्रालयाकडे, तर मक्तेदारीला आळा घालण्याचे काम १९४७मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र फेअर ट्रेड कमिशनकडे आहे. एखादे मंत्रालय समजून घ्यायचे तर त्याच्या हाती काय नाही हे आधी पाहावे, असे मला वाटते. कारण त्याचे पुढचे सारे वागणे त्या उणिवेतून घडत जाते.

हे सारे वगळल्यावर जे उरते तेही थोडेथोडके नाही. कारखान्यांतले उत्पादन, त्यासाठी लागणारे तेल, वायू आणि वीज, नवे तंत्रज्ञान, परदेशी बाजारपेठा, निर्यातीचे परवाने आणि लहान उद्योगांची स्थिती हा सगळा प्रदेश या मंत्रालयाचा आहे. पेटंट देणारे कार्यालय त्याच्याच अखत्यारीत येते. लघु व मध्यम उद्योगांसाठीची संस्था १९४८पासून काम करते आहे, तर नैसर्गिक साधनसंपत्ती व ऊर्जा यांसाठीची संस्था १९७३च्या जुलैमध्ये, म्हणजे पहिल्या तेलसंकटाच्या अवघे काही महिने आधी, स्थापन झाली.

मंत्रालयाचा वंशवृक्ष पाहिला तर त्याचा स्वभाव कळतो. १९२५मध्ये शेती आणि वाणिज्य यांचे जुने संयुक्त मंत्रालय दुभंगले आणि वाणिज्य व उद्योग यांना स्वतःचे मंत्रालय मिळाले. युद्धकाळात, १९४३मध्ये, त्याचेच रूपांतर शस्त्रसामग्री मंत्रालयात झाले. युद्धानंतर ते पूर्वपदावर आले आणि मे १९४९मध्ये परदेशी व्यापार सांभाळणारे खाते त्यात विलीन करून आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालय उभे राहिले, जे इंग्रजी आद्याक्षरांवरून जगभर ‘मिटी’ म्हणून ओळखले गेले. ६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या शासकीय पुनर्रचनेनंतर त्याला आजचे नाव मिळाले आणि ‘मिटी’चे ‘मेटी’ झाले.

यातला १९४९चा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. जपानकडे खनिज तेल जवळजवळ नव्हते आणि चांगल्या प्रतीचे लोहखनिजही बाहेरून आणावे लागे. कच्चा माल आणायला डॉलर हवेत आणि डॉलर मिळवायचे तर पक्का माल बाहेर विकला पाहिजे, अशी ती साखळी होती. कारखाना एका खात्याकडे आणि बंदर दुसऱ्या खात्याकडे राहिले असते, तर या साखळीची दोन टोके दोन वेगवेगळ्या मेजांवर पडून राहिली असती. ती एकाच छपराखाली आली आणि मंत्रालयाचा दबदबा तेथून सुरू झाला.

प्रश्न : जपानने घेतलेली झेप या मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी आखून दिलेल्या मार्गाने घेतली, असे एकीकडे वाचनात येते, तर उद्योजकांनी सरकारला न जुमानता यश मिळवले, असेही सांगितले जाते. यांपैकी खरे काय मानावे? (निवृत्त बँक अधिकारी)

दोन्ही बाजूंना पुरावा आहे, आणि तो बहुतेक वेळा एकाच प्रकरणात सापडतो. म्हणून आधी मंत्रालयाच्या हातातले साधन काय होते ते पाहू.

१९४९च्या अखेरीस परकीय चलन व परकीय व्यापार नियंत्रणाचा कायदा झाला आणि १९५०मध्ये परकीय भांडवलाविषयीचा कायदा आला. निर्यातदाराने मिळवलेले डॉलर स्वतःकडे ठेवता येत नसत. ते सरकारजमा होत आणि परकीय चलनाच्या स्वतंत्र अंदाजपत्रकातून वाटले जात. त्यामुळे एखाद्या कारखानदाराला अमेरिकन यंत्र, ऑस्ट्रेलियन कोळसा किंवा परदेशी पेटंटचा हक्क हवा असेल, तर त्याच्या खिशात येन कितीही असले तरी मंत्रालयाचे दार ठोठावल्यावाचून गत्यंतर नव्हते. तिजोरी हाती नसलेल्या या खात्याने दाराची किल्ली मात्र स्वतःकडे ठेवली होती.

या किल्लीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पुढे सोनी या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी. १९५३मध्ये तिने अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिकशी ट्रान्झिस्टरच्या हक्कांचा करार केला. रक्कम होती २५,००० डॉलर. एवढ्या लहान कंपनीला हे तंत्रज्ञान पेलेल यावर मंत्रालयाचा विश्वास बसला नाही आणि डॉलरची मंजुरी अडून राहिली. ती १९५४मध्ये मिळाली. ऑगस्ट १९५५मध्ये कंपनीचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. मंत्रालयावर टीका करणारे हा दाखला नेहमी देतात आणि तो योग्यच आहे. परंतु याच काळात त्याच मेजावर पोलाद, रसायने आणि यंत्रे यांचे असंख्य अर्ज येत होते आणि डॉलर मोजकेच होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. टंचाईच्या काळात कोणाला तरी नकार द्यावाच लागतो. या वेळी तो चुकीच्या अर्जदाराच्या वाट्याला जवळजवळ आला होता.

१ एप्रिल १९६४ रोजी जपानने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आठव्या कलमातील बंधने, म्हणजे चालू व्यवहारांसाठीच्या परकीय चलनावर निर्बंध न घालण्याची अट, स्वीकारली आणि परकीय चलनाचे वाटप बंद झाले. हे साधन निसटणार याची चाहूल लागल्यामुळे मंत्रालयाने १९६३मध्येच एक विधेयक संसदेपुढे आणले होते. ठराविक उद्योगांतील कंपन्यांचे एकत्रीकरण करणे, मोजक्या आणि मोठ्या कंपन्या घडवणे आणि त्यासाठी सरकार, बँका व उद्योग यांनी मिळून आराखडे ठरवणे, असा त्याचा आशय होता. बँकांना ही लुडबूड वाटली, अर्थ मंत्रालयाला आपल्या हद्दीतले अतिक्रमण वाटले आणि उद्योजकांना युद्धकालीन नियंत्रणाची आठवण झाली. विधेयक मंजूर झाले नाही. मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांची संख्या मर्यादित ठेवावी, या मंत्रालयाच्या विचाराला तोवर मोटारसायकली बनवणाऱ्या होंडाने उघड विरोध केला होता आणि १९६३मध्येच आपला पहिला छोटा ट्रक आणि पहिली मोटार बाजारात आणलीही. त्या वेळी संसदेने मंत्रालयाचे ऐकले असते तर आज रस्त्यावर होंडाची मोटार दिसली असती की नाही, याची शंका वाटते.

कायदा हाती न लागल्यावर मंत्रालयाचा भर ‘प्रशासकीय मार्गदर्शना’वर वाढला. यात हुकूम नसतो. अधिकारी कंपनीला बोलावतात आणि ‘असे झाले तर बरे’ म्हणून सांगतात. कंपनी ऐकते, कारण उद्या दुसऱ्या एखाद्या परवान्यासाठी याच मेजाशी यायचे असते. १९६५च्या मंदीत पोलादाचे भाव कोसळले, तेव्हा मंत्रालयाने सर्व कंपन्यांना पूर्वीच्या प्रमाणात उत्पादन कमी करण्याचा सल्ला दिला. सुमितोमो मेटल या कंपनीची निर्यात वाढत होती. जुन्या प्रमाणावर कपात लादणे म्हणजे मेहनतीने वाढलेल्याला शिक्षा करणे होय, अशी भूमिका घेऊन कंपनीचे अध्यक्ष ह्यूगा होसाई यांनी जाहीरपणे नकार दिला. त्यावर मंत्रालयाने कोक, म्हणजे पोलादाच्या भट्टीचे इंधन, तयार करायला लागणाऱ्या कोळशाच्या आयातीचा वाटा आखडता घेण्याचे सूचित केले. हा कोळसा अजूनही परवान्याखाली होता. भट्ट्या विझवणे कोणत्याही पोलाद कंपनीला परवडत नाही, आणि काही आठवड्यांच्या ताणाताणीनंतर कंपनीने तडजोड केली. सल्ला कागदावर ऐच्छिक होता; त्यामागचा कोळसा मात्र ऐच्छिक नव्हता.

आता दुसरी बाजू. १९७६ ते १९८० या काळात मंत्रालयाने फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा या पाच प्रतिस्पर्धी कंपन्यांना अतिसूक्ष्म चिपच्या संशोधनासाठी एकत्र बसवले. सर्वांना लागणारे पायाभूत तंत्र मिळून शोधायचे आणि वस्तू मात्र स्वतंत्रपणे बनवून एकमेकांशी स्पर्धा करायची, असा तो करार होता. जपानी मेमरी चिपनी ऐंशीच्या दशकात जगात जे स्थान मिळवले, त्यात या प्रकल्पाचा वाटा मोठा मानला जातो. याच यशाच्या भरात १९८२मध्ये ‘पाचव्या पिढीचा संगणक’ घडवण्याचा दहा वर्षांचा प्रकल्प हाती घेतला गेला; त्यातून संशोधक तयार झाले, पण बाजारात टिकणारा संगणक निघाला नाही. तोवर जग स्वस्त वैयक्तिक संगणकांकडे वळले होते.

म्हणून माझे मत असे आहे की, कुठे पोहोचायचे हे सर्वांना आधीच माहीत होते तेव्हा मंत्रालय उपयोगी पडले. वेळ मिळवून देणे, माहिती पसरवणे आणि भांडणाऱ्यांना एका मेजाभोवती बसवणे ही कामे त्याने उत्तम केली. उद्याचा विजेता कोण, हे ओळखण्यात त्याची नजर इतरांपेक्षा तीक्ष्ण नव्हती. आणि त्याची अनेक चुकीची पावले परिणामकारक ठरली नाहीत, कारण बँका, दुसरी मंत्रालये, संसद आणि हट्टी उद्योजक यांपैकी कोणीतरी वेळेवर ‘नाही’ म्हणाले.

प्रश्न : आयात शुल्क आणि व्यापार करार हेच मंत्रालय ठरवते का? (एक वाचक)

एकटे ठरवत नाही. शुल्काचा दर आणि सीमाशुल्क यंत्रणा अर्थ मंत्रालयाकडे आहे, कराराच्या वाटाघाटींचे औपचारिक नेतृत्व परराष्ट्र मंत्रालय करते आणि भात, गोमांस किंवा दुधाचा विषय निघाला की कृषी मंत्रालयावाचून पान हलत नाही. उद्योगांच्या बाजूने आकडेवारी आणि मागण्या घेऊन येणारे मंत्रालय म्हणजे मेटी. मात्र औद्योगिक मालावरून वाद पेटला की तेच पुढे येते. १९८१मध्ये अमेरिकेत जपानी मोटारींविरुद्ध असंतोष वाढला, तेव्हा वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींहून अधिक निर्यात न करण्याची ‘स्वेच्छा मर्यादा’ या मंत्रालयाने जाहीर केली आणि कोणत्या कंपनीने किती मोटारी पाठवायच्या याची वाटणीही त्यानेच केली.

प्रश्न : निर्यात वाढवणे हे ज्याचे काम, तेच मंत्रालय निर्यात अडवते, हे विसंगत नाही का? (निर्यात व्यवसायातील एक वाचक)

आपण या व्यवसायात आहात, तेव्हा परवान्याच्या एका अटीमुळे माल गोदामात अडकला की काय होते हे आपल्याला सांगायला नको. तरीही हे काम या मंत्रालयाकडे असण्याला कारण आहे. एखादे यंत्र कशासाठी वापरता येईल हे ओळखायला तंत्राची जाण लागते आणि ती उद्योगांशी रोजचा संबंध असणाऱ्यांकडेच असते.

ही जाण कमी पडली तर काय होते, ते तोशिबा मशीन प्रकरणात दिसले. या कंपनीने १९८२-८३मध्ये सोव्हिएत संघाला अनेक अक्षांवर एकाच वेळी चालणारी, धातू कापून घडवणारी यंत्रे विकली. पाणबुडीचे कमी आवाज करणारे पंखे घडवण्यास उपयोगी पडतील अशी ही यंत्रे साम्यवादी देशांना विकण्यास तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई होती. परवान्याच्या अर्जात त्यांचे वर्णन साध्या यंत्रांचे केले होते आणि ते तपासणीतून सुटले. १९८७मध्ये प्रकार उघडकीस आला, अमेरिकेत मोठा गहजब झाला, मंत्रालयाने कंपनीवर साम्यवादी देशांना निर्यात करण्यास एक वर्षाची बंदी घातली आणि त्याच वर्षी कायद्यातील शिक्षा कडक करण्यात आल्या. मला यातली सर्वांत मोठी अडचण अशी वाटते की, अर्जदार हा वर्षानुवर्षे ओळखीचा आणि प्रोत्साहन दिलेला उद्योग असतो, आणि अशा अर्जावर संशयाने नजर टाकणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाते.

अलीकडचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. १ जुलै २०१९ रोजी मंत्रालयाने जाहीर केले की फ्लोरिनयुक्त पॉलिइमाइड, फोटोरेझिस्ट आणि हायड्रोजन फ्लोराइड हे तीन पदार्थ दक्षिण कोरियाला पाठवताना ४ जुलैपासून प्रत्येक खेपेसाठी वेगळा परवाना घ्यावा लागेल. निर्यात बंद झाली नव्हती. एकगठ्ठा परवान्याची सोय तेवढी काढून घेतली होती. पण चिप आणि पडदे बनवणाऱ्या कोरियन कंपन्यांच्या तोंडचे पाणी पळाले, कारण हे पदार्थ मोठ्या प्रमाणात जपानमधूनच येत. मंत्रालयाने सुरक्षेचे कारण दिले. कोरियाने मात्र युद्धकालीन सक्तमजुरीच्या भरपाईबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिलेल्या निकालाशी त्याचा संबंध जोडला. हे निर्बंध मार्च २०२३मध्ये उठले. दरम्यान कोरियन कंपन्यांनी पर्यायी पुरवठादार आणि देशी उत्पादन यांचा शोध सुरू केला होता. परवाना राजकीय कामासाठी वापरला जातो आहे अशी शंका जरी निर्माण झाली, तरी त्याची किंमत स्वतःच्या देशातल्या निर्यातदाराला मोजावी लागते, हे या प्रकरणातून दिसते.

प्रश्न : मिनामाता आणि फुकुशिमा या दोन्ही दुर्घटनांशी या मंत्रालयाचे नाव जोडले जाते. त्याचा दोष नेमका किती? (शिक्षिका)

हा या पत्रांमधला सर्वांत गंभीर प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी मोघम देऊ इच्छित नाही.

मिनामाता येथील आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. चिस्सो कंपनीच्या ॲसिटाल्डिहाइड बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातून सेंद्रिय पारा समुद्रात जात होता आणि मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्था उद्ध्वस्त होत होत्या. कारखान्यांच्या सांडपाण्यावर नियंत्रण ठेवण्याचे कायदे १९५८मध्ये झाले होते आणि ते वापरण्याचे अधिकार सरकारकडे, त्यातही मुख्यतः या मंत्रालयाकडे होते. ते वापरले गेले नाहीत. प्लास्टिकच्या वाढत्या उद्योगाला लागणारे रसायन तो कारखाना पुरवत होता. चिस्सोने हे उत्पादन मे १९६८मध्ये बंद केले आणि आजाराचे कारण सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे कारखान्याला ज्याची गरज उरली नव्हती, ते थांबल्यावर सत्य मान्य झाले. ऑक्टोबर २००४मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकार असूनही न वापरल्याबद्दल शासनाला जबाबदार ठरवले. आजाराच्या नोंदीपासून त्या निकालापर्यंत ४८ वर्षे गेली होती आणि अनेक रुग्ण त्याआधीच मरण पावले होते.

फुकुशिमा येथील अणुवीज प्रकल्पाच्या दुर्घटनेची घडण तशीच आहे, म्हणून ती अधिक अस्वस्थ करते. अणुऊर्जेचा प्रसार करणे हे या मंत्रालयाचे धोरण होते आणि अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारी संस्थाही २००१पासून याच मंत्रालयात होती. अधिकारी बदल्यांमुळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात आणि काही वरिष्ठ अधिकारी निवृत्तीनंतर वीज कंपन्यांत पदे स्वीकारत. ११ मार्च २०११च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २०१२मध्ये ही दुर्घटना मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढला आणि नियामक व उद्योग यांच्यातील संगनमतावर बोट ठेवले. सप्टेंबर २०१२मध्ये ही जबाबदारी मंत्रालयाकडून काढून पर्यावरण मंत्रालयाशी जोडलेल्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे देण्यात आली.

भूकंप मंत्रालयाने आणला नाही आणि पाराही त्याने समुद्रात सोडला नाही, हे खरे. पण उद्योग वाढवण्याचे काम आणि त्याच उद्योगाला लगाम घालण्याचे काम एकाच खात्याकडे दिले की दुसरे काम मागे पडते. त्यासाठी कोणी वाईट हेतूचा असावा लागत नाही. पदोन्नती, अंदाजपत्रक आणि रोजच्या भेटीगाठी सगळ्या पहिल्या कामाच्या बाजूने झुकलेल्या असतात. मंत्रालयाचा दोष यासाठी मानतो, की मिनामातानंतर हे त्याला ठाऊक असायला हवे होते.

प्रश्न : चिपच्या कारखान्यांसाठी जपान सरकार पुन्हा मोठी अनुदाने देत आहे. हे जुन्या धोरणाचे पुनरागमन मानावे का? (अभियंता)

काही अंशी. १९८८च्या सुमारास जगातल्या चिपच्या विक्रीत जपानी कंपन्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. तीस वर्षांत तो दहा टक्क्यांच्या जवळ आला. १९८६मध्ये अमेरिकेशी झालेला चिप करार, कोरिया आणि तैवानची स्पर्धा आणि संरचना करणारी कंपनी वेगळी व बनवणारी वेगळी, या नव्या पद्धतीकडे उशिरा वळणे, अशी कारणे एकत्र आली.

फरक असा की पूर्वी मंत्रालय परदेशी कंपनीला बाहेर ठेवून तिचे तंत्रज्ञान आत आणत असे; आता ते परदेशी कंपनीलाच बोलावते आहे. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीने सोनी आणि डेन्सो यांच्या सहभागाने कुमामोतो येथे उभारलेल्या पहिल्या कारखान्यासाठी ४७,६०० कोटी येनपर्यंतचे अनुदान मंजूर झाले आणि त्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४मध्ये झाले. किमान दहा वर्षे उत्पादन चालू ठेवण्याची अट यात आहे, आणि मला ती समाधानकारक वाटते, कारण पूर्वीच्या मार्गदर्शनात अटी बोलण्यात असत, कागदावर नसत.

राप्पिडस या कंपनीचे प्रकरण मात्र वेगळे आहे. ऑगस्ट २०२२मध्ये स्थापन झालेली ही कंपनी होक्काइडोतील चितोसे येथे दोन नॅनोमीटरच्या चिप बनवू पाहते. टोयोटा, सोनी, एनटीटी यांच्यासह आठ कंपन्यांनी घातलेले सुरुवातीचे भांडवल ७३० कोटी येनच्या आसपास होते आणि सरकारी मदत त्याच्या कितीतरी पट आहे. उद्योजकांनी स्वतःचे पैसे इतके कमी घातले असताना मंत्रालयाने इतके अधिक घालावेत, ही माझ्या दृष्टीने धोक्याची खूण आहे. होंडाने १९६३मध्ये स्वतःचे पैसे पणाला लावले होते. येथे पैसा देणारे आणि प्रगतीची पाहणी करून पुढचा हप्ता मंजूर करणारे खाते एकच आहे, त्यामुळे प्रकल्प रेंगाळला तर तो थांबवण्याची सूचना मंत्रालयाच्या आतून येणे अवघड आहे. ती यायची तर अर्थ मंत्रालयाकडून, लेखापरीक्षण मंडळाकडून किंवा संसदेतल्या प्रश्नोत्तरांतून येईल.